कुठल्या पट्टीत?

ग्वाल्हेरच्या मराठी घरात जन्मून गाता न येणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन कळायचं नाही. आमच्या लष्कर या भागात कुणाचे आजोबा ग्वाल्हेर गायकीतले मोठे गवई कृष्णराव पंडित यांच्याकडे शिकलेले असतात, कुणाची आत्या माधव संगीत महाविद्यालयातून परीक्षा देऊन आलेली असते. ज्यांच्याकडे यातलं काहीच नसतं, त्यांच्या घरातही गौरीपुढे चार बायका बसल्या की गाण्याशिवाय उठत नाहीत. डिसेंबरात तानसेन समारोह भरतो. सकाळी समाधीपाशी शहनाई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगान, आणि नंतर मोठमोठ्या गवयांच्या मैफली. 2023 साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून निवडलं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, अशी इथली समजूत आहे. नववीत असताना मैत्रिणींबरोबर तिथे गेले होते. सगळ्यांनी पाला तोडून खाल्ला, मी हातसुद्धा लावला नाही. मला काय करायचाय, म्हणाले.

कारण माझा निकाल त्याच्या आदल्याच वर्षी लागला होता. स्नेहसंमेलनाचं समूहगीत बसवत होते. बाई रांगेतून हळूहळू फिरत एकेकीच्या तोंडाशी कान नेत होत्या. माझ्यापाशी आल्या, थांबल्या, खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं." त्यात राग नव्हता, हेटाळणीही नव्हती. संमेलन तोंडावर आलं होतं, एवढ्या मुली सांभाळायच्या होत्या, आणि मी गाणं बिघडवत होते. त्या दिवशी मी ओठ हलवले. टाळ्या पडल्या. पुढे प्रार्थनेला ओठ हलवले, आरतीला हलवले, जन्मभर हलवत राहिले. मला बघायला आले तेव्हा "गाणं येतं का?" हा ग्वाल्हेरचा ठरलेला प्रश्न आला आणि माझ्याआधी आईनेच "नाही" म्हणून टाकलं.

मुलगी झाली. आई होती तोवर आई अंगाई म्हणायची, सासूबाई त्यांच्या पद्धतीची म्हणायच्या. दुपारी घरात मी एकटी असले की ट्रान्झिस्टर लावायचे. पाळण्याची दोरी माझ्या हातात आणि आवाज आकाशवाणीचा. तेव्हा त्याचं वाईट वाटत नसे, हे मला आज जास्त लागतं. वाईट वाटायला काहीतरी वेगळं होऊ शकलं असतं असं वाटावं लागतं. मला तसं वाटतच नव्हतं. उंची पाच फूट एक इंच, रक्तगट बी, गाता येत नाही. एका ओळीत बसणारी माहिती होती ती.

2023 च्या अधिक श्रावणात आमच्या जीवाजीगंजातल्या भजनी मंडळात एक गोष्ट घडली. मी तिथे टाळ वाजवायला जाते. त्या गुरुवारी पाऊस कोसळत होता, बायका यायच्या होत्या, आणि माई पेटी उघडून बसल्या होत्या. माईंनी ऐंशी कधीच ओलांडली आहे. संधिवाताने बोटं वाकडी झालीत, पण ती स्वरांवर पडली की वाकडेपणा दिसत नाही. "सगळ्या येईस्तोवर तू म्हण काहीतरी," म्हणाल्या.

"माई, मला गाता येत नाही."

"कोण म्हणालं?"

या प्रश्नाला उत्तर म्हणून एका माणसाकडे बोट दाखवता येतं, हे मला बोलता बोलताच जाणवलं. "शाळेतल्या बाई."

"केव्हा?"

"आठवीत."

माई माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि त्यानंतर कुणी बघितलंच नाही?"

मंडळ नेहमी काळी चारमध्ये गातं, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून. माईंनी तो सा धरला आणि मला आ करायला सांगितलं. मी लावला तो आवाज पेटीच्या जवळपासही नव्हता, हे मलासुद्धा ऐकू येत होतं. मला वाटलं आता त्या "वर ये, वर ये" म्हणतील. त्यांनी मला काहीच सांगितलं नाही, पेटीच खाली आणायला घेतली. पांढरी पाच. काळी तीन. पांढरी चार. मी एकच आवाज धरून ठेवला होता, आणि त्या एकेक पट्टी दाबत मला शोधत होत्या. सूर जवळ आला तेव्हा दोन्ही आवाज मिळून एक लाट उठायला लागली, वँव वँव वँव अशी. जे सूर अगदी शेजारी असतात पण एक नसतात, त्यांच्यात ती उठतेच. माईंनी पांढरी तीन दाबली, तशी ती लाट लांबत गेली, सैल झाली, आणि मग एकदम सगळं सपाट झालं. पेटी कुठली आणि मी कुठली ते कळेना. गळ्याखालच्या हाडात थरथर जाणवत होती. भाता चालूच होता.

"अगं, बेसूर नाहीस तू," माई म्हणाल्या. "खाली आहेस."

मग त्याच सा वरून त्यांनी मला रे, ग, पुढे प पर्यंत नेलं. मी गेले. दारात छत्र्या झटकत असलेल्या दोघीतिघी तशाच उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर त्या रात्री झोप लागली नाही. शाळेतली पेटी काळी पाचमध्ये वाजायची, हे मला पक्कं आठवतं, कारण बाई मोठ्याने सांगायच्या. बहुतेक मुलींचे कोवळे आवाज तिथे आरामात बसत. त्यातून गाणं तार सप्तकात चढणारं. माझा आवाज तेव्हाही खालचाच असणार. फोनवर बोलले की समोरचा दादाचं नाव घेऊन विचारायचा, तूच ना? वर पोचता येत नाही म्हणून मी मधे कुठेतरी लोंबकळत असणार. एक पेटी, एक गाणं, एक पट्टी, पंचवीस गळे. बाईंनी जे ऐकलं ते खरंच वाईट होतं. पण त्यावरून निघत होतं ते इतकंच: या मुलीला हे गाणं या पट्टीत आज जमत नाही. पुढे "या पट्टीत" गळून पडलं, "आज" गळून पडलं, "हे गाणं" गळून पडलं. "जमत नाही" तेवढं उरलं आणि ते मी पदरात बांधून घेतलं.

आपल्या आयुष्यातली बरीचशी अशक्यं अशी अर्धवट वाक्यं असतात, असं मला आता फार तीव्रतेने वाटतं. कधीतरी, कुठल्यातरी एका परिस्थितीत, एकदा पाहिलेलं असतं. परिस्थिती जाते, माणसं जातात, निकाल मात्र राहतो. तो पुन्हा काढून बघायचा असतो हे सुचतच नाही, कारण तो आपल्याला निकाल वाटत नाही, आपला स्वभाव वाटतो.

मी दाल बाजारात एका आढतीवर हिशेब बघते. तिथले आमचे मुनीमजी लाल बह्यांमध्ये वाढलेले. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि सगळं कॉम्प्युटरवर आलं. मुनीमजी म्हणाले, "यह अपने बस का नहीं, बहनजी," आणि गावी परत जायची भाषा करू लागले. मी त्यांच्याजवळ बसून बघितलं. पडद्यावर सगळं इंग्रजीत होतं आणि अक्षर मुंगीएवढं. हिशेबात त्या माणसाचा हात धरणारा अख्ख्या बाजारात कुणी नाही. प्रोग्रॅम हिंदीत करून दिला, अक्षर मोठं केलं. थोडे दिवस माझ्या मागे बसून बघत राहिले, मग खुर्ची पुढे ओढली. माल पाठवायची ई-वे बिलं आता तेच काढतात आणि माझ्या चुका धरतात. तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. माईंच्या पेटीनंतर मुनीमजी पुन्हा आठवले.

गाण्याच्या बाबतीत मी थोडं वाचलंही. सूर ओळखण्याची शक्तीच मुळात नसलेली माणसं असतात, हे खरं आहे. त्यांना चाल बिघडलेली कळतच नाही. पण अशी माणसं किती? पूर्वी शंभरात चार म्हणत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, वीस हजार माणसांच्या एका पाहणीत ते प्रमाण शंभरात दीडच्या आसपास निघालं. मग आपल्या ओळखीत जो तो "माझ्याकडे सूर नाही" म्हणतो, त्यातल्या बहुतेकांचे कान शाबूत असणार. दुसऱ्याचा चुकलेला सूर ज्याला टोचतो त्याचे कान ठीकच आहेत. गळ्याला त्या कानाची सवय लावायची राहिलेली असते, एवढंच.

आणि खालचा आवाज म्हणजे बाईचा बिघडलेला आवाज, ही समजूत तर किती खोल रुजलेली आहे! गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या तबकड्या ऐका, 'गांधारी' या नावाने निघालेल्या. आवाज उंच आणि कोवळा आहे. पुढे टॉन्सिलच्या दुखण्यात तो बदलला, जाड आणि भारदस्त झाला. बायकांच्या गाण्याची जी मापं तेव्हा ठरलेली होती त्यांत हा आवाज बसतच नव्हता. त्या त्याच आवाजात गात राहिल्या, आणि तो आवाज आज लाखोंत ओळखू येतो. गंगूबाई किराणा घराण्याच्या, आमच्या नव्हेत, पण रात्री मी सर्वांत जास्त ऐकते त्यांनाच.

विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्ट तर आमच्याच ग्वाल्हेर गायकीची. कुरुंदवाडचा मुलगा, 1872 चा जन्म. लहानपणी फटाक्याने डोळे दुखावले आणि शाळेतलं शिक्षण अशक्य झालं. म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला पाठवला. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशांकडून ही गायकी मिळवून ती महाराष्ट्रात नेणारे. त्याच मुलाने 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही ज्या काळात प्रतिष्ठित घरातल्या मुलामुलींनी फी भरून वर्गात बसून गाणं शिकावं हे कुणाला पटणारं नव्हतं. इथे ग्वाल्हेरात 1914 साली कृष्णराव पंडितांनी शाळा काढली, 1918 साली माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने संगीतशास्त्री भातखंड्यांनी काढली. गाणं कागदावर लिहिता येणार नाही असं म्हणणारे तेव्हा खूप होते. आज माझ्यासारखी बाई वहीत स्वर लिहून घरी नेते, ते या शाळा काढणाऱ्यांमुळे.

विष्णु दिगंबरांची ही गोष्ट माझ्या दादाला फार जवळची आहे, आणि दादाबद्दल लिहिल्याशिवाय हे लिखाण खोटं ठरेल. काचबिंदूने त्याची दृष्टी गेली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशनने नाही, औषधाने नाही, मनोबलाने तर अजिबातच नाही. "काहीही अशक्य नसतं" असं लिहिलेली सुविचाराची चित्रं सकाळी सकाळी फोनवर येतात, ती मला सहन होत नाहीत ती यामुळे. दादाला येऊन लोक सांगून गेले आहेत की इच्छाशक्ती हवी. म्हणजे जे घडलं ते त्याच्यात काहीतरी कमी होतं म्हणून घडलं? अशा बोलण्याने माणूस आतून किती कुरतडला जातो ते मी घरात पाहिलं आहे. अशक्य असतं. काही दारं बंद असतात आणि त्यांच्यावर डोकं आपटायला लावणं हा निर्दयपणा आहे.

पण दादाने नजरेबरोबर वाचनही सोडलं होतं. पेपर बंद केला, पुस्तकांचं कपाट माझ्याकडे पाठवून दिलं. बघणं आणि वाचणं ही दोन्ही त्याने एका गाठोड्यात बांधून टाकली होती. त्याच्या फोनमध्ये अक्षरं मोठ्याने वाचून दाखवायची सोय आधीपासून होती, मराठीसुद्धा. ती चालू करायला त्याने महिनोन् महिने नकार दिला. चालू केल्यावर आठवडाभर चिडचिड झाली, कारण तो आवाज सपाट वाचतो, जोडाक्षरांवर अडखळतो. आज दादा पेपर माझ्याआधी वाचतो. वेग इतका वाढवून ठेवलाय की मला एक शब्द लागत नाही, त्याला सगळं लागतं. नजर गेली ती गेलीच. वाचन गेलं नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या करायला आम्हाला दीड वर्ष लागलं, आणि ते दीड वर्ष त्याने अंधारात काढलं याचं मला अजून दुःख आहे.

म्हणून मी आता "हे अशक्य आहे" असं कुणी म्हटलं की वाद घालत नाही. माईंचेच प्रश्न विचारते. कोण म्हणालं? केव्हा? नंतर कुणी बघितलं का? आणि माझा स्वतःचा एक त्याला जोडते: नेमकं काय अशक्य आहे? कधी कधी चारही उत्तरं मिळाल्यावर ते अशक्यच उरतं. मग ते मान्य करून बाजूला ठेवता येतं.

माझं शिक्षण सुरू आहे. माईंच्या ओळखीचा एक तरुण मुलगा शिकवतो, माझ्या मुलीच्या वयाचा. मी त्याला सर म्हणते, तो मला काकू म्हणतो. पहिल्या दिवशी राग-बिग काही नाही, फोनवरचा तानपुरा पांढरी तीनवर लावून नुसता सा. "काकू, सूर लावायचा नाही, सुरात बसायचं," म्हणाला. पहाटे खर्ज लावते. मंद्र सप्तकात खाली खाली जात जितका वेळ श्वास पुरेल तितका वेळ एकच स्वर. कुकरची तयारी, दूधवाला, सगळं त्याच्या मागून. गळा हा स्नायूंचाच मामला आहे. पोळ्या लाटून मनगट जसं तयार होतं तसा तो रोजच्या रोज थोडा थोडा तयार होतो, एका दिवसात नाही. आधी भूप झाला. पाचच स्वर, घसरायला जागा कमी. मग यमन सुरू झाला आणि त्यातल्या तीव्र मध्यमाने, म्हणजे चढ्या म ने, मला रडवलं. प वरून खाली येताना तो नेमका कुठे आहे ते पायाला अंधारात पायरी न सापडावी तसं व्हायचं. सर म्हणाले, त्याला शोधू नका, आधी त्याच्या शेजारचा प नीट ऐका. हे खरं ठरलं.

तान मला येत नाही आणि मला नाही वाटत कधी येईल. पन्नाशीनंतर गळ्याचं चापल्य तसं कमावता येत नाही, आणि ग्वाल्हेर गायकीतल्या त्या सरळ, सपाट ताना ऐकल्यावर माझी त्याबद्दल काही तक्रारही नाही. मैफल करणं माझ्या डोक्यात नाही. मला मध्य लयीतला छोटा ख्याल सुरात म्हणायचा आहे, आणि तो मी म्हणते. नातवाला भूप म्हणून झोपवते. मुलगी दारात उभी राहून ऐकते आणि काही बोलत नाही. मीही बोलत नाही.

मंडळात मात्र मोठी चर्चा चालू आहे. माईंनी गेल्या महिन्यापासून दर गुरुवारी एक भजन पांढरी तीनमध्ये घ्यायला सुरुवात केली. पहिल्याच गुरुवारी मागच्या रांगेतून दोन आवाज आले, जे इतक्या वर्षांत कुणी ऐकले नव्हते. त्यातली एक बाई बँकेतून निवृत्त झालेली, गेली कित्येक वर्षं माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवायची. मीही तिला कधी विचारलं नव्हतं आणि तिनेही मला. आता तिचं म्हणणं आहे की गणपतीच्या आरत्या निम्म्या वर, निम्म्या खाली घ्याव्यात. ज्यांचे आवाज उंच आहेत त्यांना ते पसंत नाही. खाली गेलं की आरती उठत नाही, म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर तेही खोटं नाही, कारण खालच्या पट्टीत त्यांचा आवाज फुटतो. मालूताईंनी तर सांगून टाकलंय की "सुखकर्ता" काळी चारमध्येच होईल. बाकीच्या आरत्यांचं येत्या गुरुवारी ठरवायचं आहे. पेटी माईंकडे आहे, तेव्हा मला आशा आहे.